‘कसा वाटला?’ हे विचारणं सोडा: कमी बजेटच्या सिनेमाचा ट्रेलर लोकांना दाखवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिला मराठी सिनेमा, पैसा घरचा आणि मित्रांचा, ओळखीचा चेहरा एकही नाही. सोलापूरजवळच्या गावात नवऱ्यामागे पिठाची गिरणी चालवणारी बाई आणि गिरणीची जागा विकायला निघालेला तिचा मुलगा, एवढीच गोष्ट. २ मिनिटं ४८ सेकंदांचा ट्रेलर कापून झालाय. चाळीसएक लोकांना लिंक पाठवलीत. बहुतेकांनी ‘एक नंबर’, ‘भारी झालाय’ असं कळवलं, दोघा-तिघांनी ‘थोडा स्लो वाटला’ म्हटलं. आता यातून घ्यायचं काय, आणि खरा अभिप्राय मिळवायचा कसा?

लोक खोटं बोलत नाहीयेत. घरातले पैसे घालून सिनेमा केलेला माणूस समोर बसून ‘कसा वाटला?’ विचारतो, तेव्हा आपल्याकडे त्याचं एकच उत्तर असतं. जेवायला बोलावलेल्या घरी आमटीत मीठ जास्त पडलंय असं कुणी सांगत नाही. त्या ‘एक नंबर’चा अर्थ इतकाच की या माणसांचा तुमच्यावर जीव आहे. ट्रेलरबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मत मागूच नका. समोरच्याला काय दिसलं, काय समजलं आणि त्याचं लक्ष नेमकं कुठं उडालं, एवढं गोळा करा. एडिट टेबलावर उपयोगी पडतं ते हेच. कौतुक आणि नापसंती, दोन्हींचं तिथं काहीही करता येत नाही.

ट्रेलर संपला की पहिलं वाक्य हे टाका: ‘गोष्ट काय असेल, सांगा बरं.’ आणि मग गप्प बसा. दुरुस्त करू नका, ‘नाही नाही, तसं नाही’ म्हणू नका, मान सुद्धा हलवू नका. समोरचा जी गोष्ट सांगेल तीच तुमच्या ट्रेलरची गोष्ट. तुमच्या डोक्यातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली नसेल, तर ती ट्रेलरमध्ये नाही. तुमच्या कटबद्दल, म्हणजे ट्रेलरच्या या आवृत्तीबद्दल, माझा अंदाज सांगतो, तो तुम्ही पडताळून पाहा. बरेच जण म्हणतील की हा जमीन माफियावरचा सिनेमा आहे. कारण ०:५० ते १:१० या वीस सेकंदांत बिल्डरची पांढरी गाडी, कागदावरची सही आणि कॉलर धरलेला शॉट असे तिन्ही एकापाठोपाठ एक येतात, आणि खालून ढोल वाजतो. शिवाय मुलगा तिला ‘माई’ म्हणतो. घरातलं हे संबोधन तुम्हाला स्पष्ट आहे, पण परक्याला ती त्याची आई, आजी की सासू, हे कळायला ट्रेलरमध्ये काहीच आधार नाही. आई-मुलाची ओढाताण हा तुमच्या सिनेमाचा जीव आहे आणि नातंच कळलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं. ‘कसा वाटला?’ विचारल्यावर हे तुम्हाला जन्मात कुणी सांगणार नाही, कारण ज्याचा गैरसमज झालाय त्याला आपला गैरसमज झालाय हे ठाऊकच नसतं.

दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारायचा, फोन करून: ‘कालच्या ट्रेलरमधलं काय आठवतंय?’ एक चित्र, एक वाक्य, काहीही. आणि नाव आठवतंय का? तुमच्या सिनेमाचं नाव अगदी शेवटी येतं, दीड-दोन सेकंद राहतं आणि सुलेखन इतकं वळणदार आहे की फोनच्या पडद्यावर पहिलं अक्षर लागतच नाही. ज्याला नाव आठवत नाही तो बुकमायशोवर शोधणार काय?

तिसरा प्रश्न: ‘हा ट्रेलर कुणाला पाठवावासा वाटेल?’ ‘बघाल का?’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. पण ‘कुणाला पाठवाल?’ म्हटलं की माणूस खरंच विचार करतो. ‘माझ्या आत्याला, तिच्या घरी असंच झालंय,’ असं कुणी म्हणालं तर पोस्टर कुणासाठी करायचं तेही त्यातून कळलं. आणि मराठी सिनेमापुरता एक प्रश्न टाळूच नये: ‘थिएटरला जाल की ओटीटीवर येईपर्यंत थांबाल?’ थांबेन म्हणणाऱ्याला का ते विचारा. ‘घरी बघण्यासारखा आहे’ या उत्तरानं वाईट वाटेल, पण पडद्यावर बघण्यासारखं ट्रेलरमध्ये काय दाखवायचं राहून गेलं ते त्यातूनच सापडतं.

आता दाखवायचं कुणाला. युनिटमधल्या कुणालाही नको. नट स्वतःचे शॉट मोजतो, कॅमेरामन ग्रेडिंग म्हणजे रंगांचा मेळ बघतो, ज्यानं पैसे घातले तो स्वतःच्या नावाची पाटी बघतो. यात त्यांची चूक नाही, फक्त त्यांच्याकडून गोष्टीबद्दल काही मिळणार नाही. सिनेमाक्षेत्रातल्या मित्रांचंही तसंच. ते लेन्सबद्दल बोलतील, प्रेक्षक म्हणून काय झालं हे त्यांना आठवून सांगावं लागेल. तुम्हाला हवीत ती तुमची गोष्ट अजिबात माहीत नसलेली माणसं: संध्याकाळी मालिका बघणाऱ्या पन्नाशीच्या बायका, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारी कॉलेजची पोरं, स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस, गाव सोडून पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा. तुमच्या विषयाला हा शेवटचा फार महत्त्वाचा, कारण सिनेमातला मुलगा म्हणजे तोच आहे. आणि एखादी खरोखर गिरणी चालवणारी बाई मिळाली तर तिला अवश्य दाखवा. चक्की चालू असताना कुणी त्या आवाजात बोलतं का, दळण टाकायला आलेल्या बायकांशी ती कशी बोलते, हे ती एका नजरेत ओळखेल.

एक एक माणूस वेगवेगळा बसवा. चार जण एकत्र बसले की पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात, आणि पहिला बोलणारा बहुधा वयानं किंवा मानानं मोठा असतो. सिनेमा तुमचा आहे हे सांगू नका, ‘एका ओळखीच्यांचा आहे, त्यांना मत हवंय’ एवढं पुरे. म्हणूनच शक्य असेल तर तुम्ही स्वतः जाऊच नका, तुमच्या वतीनं असं कुणीतरी जावं ज्याच्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. प्रस्तावना शून्य. ‘अजून म्युझिक व्हायचंय’, ‘कलर फायनल नाही’ हे आधी सांगितलं की माणूस प्रेक्षकाचा परीक्षक होतो.

ट्रेलर त्याच्याच फोनवर, त्याच्याच हातात लावा, आणि तुम्हीच गेला असाल तर पडदा बघू नका. त्याचा अंगठा आणि डोळे बघा. ट्रेलर तुम्हाला पाठ आहे, आवाजावरून कुठला शॉट चाललाय ते कळतंच. अंगठा कुठं पडद्याकडे सरकला, नजर कुठं वर उचलली, चहाचा कप कुठं हातात घेतला, हे सेकंदासकट टिपून ठेवा. बोललेल्या शब्दांपेक्षा हे मला जास्त विश्वासाचं वाटतं. एकदा दिवसाउजेडी, बाहेर, ऊन असताना दाखवा. तुमचे रात्रीचे शॉट सुंदर आहेत, पण उन्हात फोनवर तिथं मला काळ्या पडद्याशिवाय काही दिसलं नाही. आणि व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, अंधाऱ्या भागात ठोकळे दिसायला लागतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबची अनलिस्टेड, म्हणजे शोधात न दिसणारी, लिंक ज्याच्या हाती पडेल तो उघडू शकतो आणि पुढे ढकलू शकतो, हेही लक्षात असू द्या.

न पाहिलेला प्रेक्षक हे तुमचं मर्यादित भांडवल आहे, आणि यातले चाळीस लोक तुम्ही एका लिंकमध्ये खर्च केलेत. आता उरलेल्यांची नावं लिहून काढा आणि निम्मी बाजूला ठेवा. पहिल्या कटला दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. तेवढ्यांत त्याच त्याच जागा परत यायला लागतात. परत यायला लागल्या की थांबा, कट बदला आणि नव्या माणसांकडे जा. ज्यानं जुना कट पाहिलाय त्याला नवा दाखवून ‘आता कळलं का?’ विचारण्यात अर्थ नाही, त्याला आधीचं ठाऊक असतं.

आता तुमच्या त्या ‘थोडा स्लो वाटला’बद्दल, कारण सगळ्यात जास्त ट्रेलर या एका शेऱ्यानं बिघडतात. हे ऐकलं की दिग्दर्शक घाबरतो, शॉट अर्धे करतो, ढोल वाढवतो. नंतर तोच प्रेक्षक म्हणतो, ‘काही कळलं नाही.’ संथ वाटणं हे क्वचितच शॉटच्या लांबीमुळे होतं. आपण कशाची वाट बघतोय हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर दोन सेकंदांचा शॉटही लांबतो, आणि ठाऊक असेल तर दहा सेकंदांच्या शॉटमध्येही तो श्वास धरून बसतो. म्हणून ज्या सेकंदाला अंगठा सरकला तिथं कात्री लावू नका. तिथून पंधरा-वीस सेकंद मागं जा आणि प्रश्न कुठं मांडायचा राहिलाय ते बघा. तुमच्या कटमध्ये ‘ही जागा विकायची’ हे वाक्य १:०५ ला येतं. त्याआधी बराच वेळ आपण एक गाव, एक बाई आणि एक गिरणी बघतो, पण का बघतोय ते माहीत नाही. ते वाक्य विसाव्या सेकंदाच्या आत आणा, त्याच्यापुढे ‘आई’ हा शब्द ऐकू येईल असा एखादा संवाद सिनेमातून शोधा, आणि मग तेच शॉट त्याच लांबीत ठेवून परत दाखवून बघा.

याच्या उलट शेरा म्हणजे ‘सगळं कळलं’. तो ऐकून दिग्दर्शक खूश होतो, पण तो जास्त धोक्याचा. तुमच्या ट्रेलरमध्ये २:२० नंतर मुलगा रिकाम्या गिरणीत एकटा बसलेला दिसतो. म्हणजे जागा विकली गेली की नाही याचं उत्तर तुम्ही फुकट देऊन टाकलंत. तो शॉट काढा. ज्याला सगळं कळलं त्यानं तिकीट कशासाठी काढायचं?

लोक उपायही सुचवतील: गाणं टाका, एखादा कॉमेडी पंच टाका, ड्रोन शॉट वाढवा. उपाय ऐकून घ्या, लिहून ठेवा, पण पाळू नका. ‘गाणं टाका’ म्हणणाऱ्याला ते कुठं हवंय ते विचारा. तो जी जागा दाखवेल तिथं त्याला कंटाळा आलेला असतो. तेवढी जागा घ्या.

पहिल्या १९ सेकंदांत प्रस्तुतकर्ते, निर्माते, सहनिर्माते आणि बॅनरची ॲनिमेशन अशा पाट्या आहेत. मला ठाऊक आहे की या नावांमागे पैसा आणि शब्द आहे, आणि ती काढा म्हणणं तुम्हाला अवघड जाईल. पण ट्रेलर जाहिरात म्हणून चालवणार असाल तर यूट्यूबवर पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं, आणि तुमच्या पाचव्या सेकंदाला पडद्यावर एक लोगो फिरतोय. सगळी नावं शेवटी न्या. निर्मात्यांना पटत नसेल तर त्यांच्या देखत एका परक्या माणसाच्या हातात फोन द्या आणि त्याचा अंगठा त्यांना बघू द्या. दुसरा कुठलाही युक्तिवाद लागत नाही.

खाली लावलेलं संगीत एका गाजलेल्या हिंदी सिनेमाचं आहे हे मी ओळखलं. तुमच्या चाळीसांपैकी अनेकांनीही ओळखलं असणार, निदान त्यांच्या अंगावर शहारा तरी त्या संगीतानंच आणला असणार. अशा टेम्प म्युझिकवर, म्हणजे तात्पुरत्या उसन्या संगीतावर, मिळालेला अभिप्राय तुमच्या ट्रेलरला नसतो, त्या हिंदी सिनेमाच्या संगीतकाराला असतो. ते प्रदर्शित तर करता येणारच नाही, यूट्यूब आपोआप कॉपीराइटचा क्लेम लावेल. दोन-तीन माणसांना संगीताविना, नुसत्या संवादांवर आणि मूळ आवाजांवर कट दाखवा. तिथं तो उभा राहिला तर तुमच्या संगीतकाराला सोपं जाईल.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. १:३४ ला ती बाई मोटर बंद करते, पट्टा फडफडत थांबतो, आणि पिठानं पांढरा झालेला तिचा हात खटक्यावरच राहतो. मागं दळणाच्या डब्यांची रांग. तुमच्या अख्ख्या सिनेमाचं मोल सांगणारा शॉट हाच आहे, कारण सकाळपासून चालू असलेला आवाज पहिल्यांदा थांबलाय. पण तुमच्या ट्रेलरमध्ये तो थांबतच नाही, वरून व्हायोलिन चालू राहतात. संगीत तिथं तोडा. एवढ्यानंही काम पुरं होणार नाही, कारण फोनच्या इवल्या स्पीकरवर गिरणीचा खर्जातला घुमारा ऐकूच येत नाही. जो आवाज ऐकूच आला नाही तो थांबलेलाही कळणार नाही. साउंड डिझायनरला सांगा की गिरणीच्या आवाजात पट्ट्याची फटफट, चाळणीची खडखड, डब्यावरचं झाकण असे वरच्या पट्टीतले आवाज पुढे आणा. ते फोनवर ऐकू येतात, आणि मग त्यांचं थांबणंही ऐकू येतं. ट्रेलर सगळीकडून मोठ्या आवाजात दाबून मिक्स करू नका. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) खाली ओढतं, म्हणजे दाबण्यातून मिळत काहीच नाही आणि शांततेची जागा मात्र जाते. हा बदल केलात की पुढच्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी ‘काय आठवतंय?’ विचारा. मला वाटतं उत्तर बदलेल.

बोलीबद्दल थोडं. सोलापुरी बोली ठेवलीत हे उत्तम केलंत, ती पुसू नका. पण विदर्भातल्या आणि कोकणातल्या एकेका माणसाला दाखवून कुठला शब्द अडतो ते बघा. अडलेला शब्द ट्रेलरमधून वगळा, सिनेमात राहू द्या. इंग्रजी सबटायटल असलेला कट वेगळा करा आणि तो मराठी न येणाऱ्यालाच दाखवा. मराठी माणूस सबटायटल तपासत बसतो आणि चेहरा बघायचा राहतो.

फिल्म सोसायटीत दाखवावा का, असंही विचारलंय. मुंबईत १९६८ पासून चालू असलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांचा प्रेक्षक मुरलेला असतो. सिनेमाचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, दाखवायला त्याच्याइतका चांगला प्रेक्षक नाही. ट्रेलरला मात्र तो उपयोगाचा नाही, कारण त्याला ओढून आणावं लागत नाही, तो येणारच असतो. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सोबतीनं एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बझार भरतो, २००७ पासून, आता वेव्हज फिल्म बझार या नावानं. तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये रफ कटच्या टप्प्यावरचे सिनेमे घेतात आणि जाणकार मंडळी त्यावर बसून बोलतात. तुमचा सिनेमा लॉक झाला नसेल, म्हणजे त्याचं एडिट पक्कं झालं नसेल, तर तिकडे अर्ज कराच, पण तो सिनेमासाठी. महोत्सवाची निवड करणारे सिनेमा बघून ठरवतात, ट्रेलर बघून नाही.

वितरकाला आणि थिएटरचं बुकिंग बघणाऱ्याला वेगळे प्रश्न विचारा. ‘कुठल्या सेंटरला चालेल?’ ‘दुपारचा शो मिळाला तर टिकेल का?’ ही माणसं कलेबद्दल बोलणार नाहीत, पण कुठल्या गावात कोण तिकीट काढतं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनी पोस्टरवरची महोत्सवाची पानं (निवड झाल्याची ती पानांची खूण) लहान करा म्हटलं तर ऐका. तालुक्याच्या गावात ती पानं दिसली की अनेक जण सिनेमा अवघड असणार असं धरून चालतात.

हाताशी थोडे पैसे उरले असतील तर महागड्या ट्रेलर एडिटरला देण्याआधी एक करा. एकाच ट्रेलरच्या दोन सुरुवाती कापा, एक गिरणीच्या आवाजावर आणि एक ‘जागा विकायची’ या संवादावर. दोन्ही सारख्याच पैशांत, त्याच भागात, स्किप करता येणारी जाहिरात म्हणून यूट्यूबवर चालवा. सोलापूर आणि पुणे वेगवेगळे ठेवा. या प्रकारात लोकांनी तीस सेकंद पाहिलं किंवा क्लिक केलं तरच पैसे कापले जातात, त्यामुळे कुठल्या सुरुवातीला माणसं थांबतात ते स्वस्तात कळतं. दहा-पंधरा व्ह्यूजच्या आलेखावर मात्र काही ठरवू नका. आणि एडिटर घ्यायचाच झाला तर ज्यानं सिनेमा पाहिलेला नाही असा घ्या. त्याला सिनेमा एकदाच दाखवा आणि तिसऱ्या दिवशी त्याला जे शॉट आठवतात त्यांपासून कापायला सांगा.

हे सगळं सेन्सॉरच्या आधी उरका. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सिनेमापेक्षा वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळाल्यावर कट बदलला तर परत त्यांच्याकडे जावं लागतं. मारामारीच्या त्या कॉलर धरलेल्या शॉटमुळे वरची श्रेणी मिळत असेल तर तो काढण्याचं आणखी एक कारण मिळालं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए या, पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, श्रेणीमध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, आणि तुमचा प्रेक्षक घरच्यांना घेऊन येणारा आहे.

पुढचा कट मला जरूर पाठवा, पण गोष्ट कळते का हे मला विचारू नका, मला ती आता ठाऊक आहे. १:३४ चा आवाज फोनवर थांबतो की नाही, तेवढं मी ऐकून सांगेन.